‘मन’ लिहिलं, ‘सल’ उमटला
(आज्जांचा लिनक्स संगणक सांभाळताना शिकलेलं)

पीयूसीची परीक्षा संपल्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये मी केशवापूरला आजोळी राहायला गेले. हातात रिकामा वेळ होता आणि अंगात नको तेवढी हुशारी. त्या हुशारीत मी एका सकाळी आज्जांचा संगणक ‘नवा’ करून टाकला. दुपारची झोप काढून ते उठले, चष्मा पुसला, खुर्चीत बसले आणि नेहमीसारखा हात मोकळा करायला एक शब्द टाइप केला: मन. पडद्यावर उमटलं: सल.

“हे काय दिसायलंय गं?”

त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा ‘सल’. मग त्यांनी एक जुनी फाइल उघडली. तिच्यात मराठीचं एक अक्षर शिल्लक नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली कुठलीशी परदेशी अक्षरं, नुसता कचरा. ती फाइल म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने सांगितलेल्या खानापूरकडच्या आठवणी. आज्जांनी त्या तिच्यासमोर बसून उतरवून घेतल्या होत्या. ती २०१२ मध्ये गेली. त्या आठवणी दुसरीकडे कुठेही लिहिलेल्या नाहीत.

आज्जा रागावले नाहीत. “इर्ली बिडू,” म्हणाले, म्हणजे असू दे. संगणकावर कापड टाकलं आणि बाहेर जाऊन बसले. पुढचे तीन आठवडे त्यांनी ते कापड काढलं नाही.

हा लेख त्या तीन आठवड्यांबद्दल आणि त्यात मला जे कळलं त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुणा ना कुणा वडीलधाऱ्यांचा संगणक ‘बघायची’ जबाबदारी तुमच्याकडेच असणार. लिनक्स असो वा दुसरं काही, मी केलेल्या चुका तुम्ही करू नयेत, एवढाच हेतू.

संगणक आज्जांचा कसा झाला

आज्जा सरकारी कचेरीत कारकून होते. घरात मराठी, कचेरीत कन्नड. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कचेरीत संगणक आले आणि त्याबरोबर ‘नुडी’ आलं. नुडी हे कन्नड गणक परिषदेने तयार केलेलं कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर. कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत कन्नड टायपिंग म्हटलं की नुडीच, अशी परिस्थिती होती. त्याचा कळफलक के. पी. राव यांच्या मांडणीवर आधारलेला आहे. मांडणी उच्चाराप्रमाणे चालते: ‘के’ दाबलं की क, ‘एम’ दाबलं की म, ‘एन’ दाबलं की न. ट आणि ड साठी ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’, आणि अक्षराचा पाय मोडायला ‘एफ’. पन्नाशी उलटल्यावर आज्जांनी ही मांडणी बोटांत बसवली. २००६ मध्ये निवृत्त झाले, घरी संगणक घेतला आणि त्याच बोटांनी मराठी लिहायला लागले.

तेव्हा घरच्या संगणकात विंडोज एक्सपी होतं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला. ‘आधार संपला’ म्हणजे संगणक बंद पडतो असं नाही, हे आधी समजून घेऊ. घराला भोक पडलं तर बुजवायला येणारा गवंडी यायचा थांबतो, एवढंच. घर उभंच असतं, पण नव्या भोकांची माहिती चोरांना असते आणि ती बुजवणारं कुणी नसतं. आज्जा त्याच संगणकावर पेन्शनचं खातं बघायचे, म्हणून मामाने त्या वर्षी त्यावर लिनक्स मिंट घातलं. जुन्या यंत्रावर चालणारं, फुकट आणि दिसायला एक्सपीच्या जवळचं.

लिनक्स म्हणजे नेमकं काय, हे एका वाक्यात सांगते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेला गाभा, आणि त्याभोवती जगभरच्या लोकांनी रचलेलं बाकीचं घर. गाभा एकच, पण घरं अनेक: उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट. प्रत्येक घराच्या आवृत्त्या निघतात आणि प्रत्येक आवृत्तीला आयुष्य असतं. मिंटची १७ वी आवृत्ती मे २०१४ मध्ये आली आणि एप्रिल २०१९ पर्यंत चालली. १९ वी एप्रिल २०२३ पर्यंत. मामाने एकदा बदल केला होता. दुसऱ्या वेळी तो पुण्यात कामात अडकला होता आणि मी घरात रिकामी होते.

पहिली चूक: चेहरा

मिंट वेगवेगळ्या चेहऱ्यांत मिळतं. आज्जांकडे ‘माटे’ नावाचा चेहरा होता. मला तो जुनाट वाटला, म्हणून मी ‘सिनॅमन’ घातला. छान, चकचकीत.

या ‘माटे’ची गोष्ट मला नंतर कळली. लिनक्सवर ‘ग्नोम’ नावाचा एक चेहरा फार लोकप्रिय होता. एप्रिल २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि तिने खालची पट्टी, यादी, सगळंच बदललं. पुष्कळ लोकांना ते रुचलं नाही. त्यांतल्या काहींनी नुसती कुरकुर केली नाही, तर जुन्या ग्नोमचा मजकूर उचलून तो पुढे चालू ठेवला. त्याचं नाव माटे, दक्षिण अमेरिकेतल्या एका चहासारख्या पेयावरून ठेवलेलं. मजकूर सगळ्यांना खुला असल्यामुळेच हे शक्य झालं. ज्यांना बदल नको होता त्यांना जुन्या घरात राहता आलं, आणि ते घर दुरुस्त करायला गवंडीही मिळाले.

म्हणजे आज्जांच्या संगणकावर जे होतं ते मागे पडलेलं काही नव्हतं. ‘आमच्या हाताची सवय मोडू नका’ म्हणणाऱ्यांनी ते जाणूनबुजून जपलं होतं. मी सकाळी तासाभरात ते पुसून टाकलं.

दुसरी चूक: बोटं

आता ‘मन’चा ‘सल’ का झाला ते बघू. नवी प्रणाली घालताना तिने मला कळफलकाची मांडणी विचारली. मी इन्स्क्रिप्ट निवडली. इन्स्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण मांडणी आहे, १९८६ मध्ये ठरलेली. सगळ्या भारतीय लिप्यांना तीच मांडणी चालते, ती शास्त्रशुद्ध आहे आणि नव्याने शिकणाऱ्याने तीच शिकावी असं माझंही मत आहे. पण इन्स्क्रिप्टमध्ये ‘एम’च्या कळीवर स आहे आणि ‘एन’च्या कळीवर ल. आज्जांची बोटं म आणि न शोधत त्याच कळांवर गेली. मन लिहिलं, सल उमटला.

मजा म्हणजे त्यांची मांडणी लिनक्समध्ये होतीच. कळफलकांच्या यादीत ‘भारतीय’च्या खाली गेलं की तिथे ‘मराठी (कगप, उच्चारानुसार)’ असा पर्याय आहे. ‘कगप’ म्हणजे कन्नड गणक परिषद! कन्नडसाठी बनलेली मांडणी कुणीतरी कन्नड, मराठी, हिंदी, संस्कृत, तेलुगू अशी सगळ्यांसाठी लिनक्सच्या सामाईक कळफलक-संग्रहात घालून ठेवली आहे. हुबळी-धारवाडच्या मराठी माणसासाठी याहून योग्य मांडणी कुठली? कचेरीत कन्नड लिहिणारी बोटं घरी मराठी लिहू शकतात, काही नवं न शिकता. मामाने २०१४ मध्ये हाच पर्याय निवडला होता. मी यादी खालपर्यंत वाचलीच नव्हती. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.

तिसरी चूक: लपलेली फोल्डरं

फाइलींचं प्रकरण मात्र दोन मिनिटांचं नव्हतं.

डिस्क पुसण्याआधी मी कागदपत्रांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं होतं. फोटोही घेतले होते. मला वाटलं, झालं. पण लिनक्समध्ये ज्या फोल्डरचं नाव टिंबाने सुरू होतं ते डोळ्यांना दिसत नाही. कंट्रोल आणि एच एकत्र दाबलं की दिसतं. माणसाच्या सगळ्या सवयी त्या लपलेल्या फोल्डरांत असतात: ब्राउझरच्या खुणा, शब्दांची आपोआप दुरुस्ती, आणि मामाने हाताने घातलेले फॉन्ट. मी ते काहीच घेतलं नव्हतं.

आता फॉन्ट गेल्यामुळे अख्खी मराठीच कशी गेली? इथे थोडं मागे जावं लागेल.

युनिकोड घराघरांत रुळण्याआधी भारतीय भाषांची टायपिंगची सॉफ्टवेअरं एक युक्ती करायची. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असायचे. फॉन्ट मात्र असा बनवलेला असायचा की त्या क्रमांकाला ए, बी, सी ऐवजी क, ख, काना, वेलांटी दिसावी. नाटकातल्या वेशासारखं. वेश अंगावर आहे तोवर राजा. वेश उतरवला की आतला मूळ माणूस. शिवाय प्रत्येक कंपनीचा वेश वेगळा, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता यायची नाही. युनिकोडमध्ये असं नाही. तिथे क हा क म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही असो. आज्जांच्या २०१४ नंतरच्या फाइली युनिकोडमध्ये होत्या. त्या नीट दिसत होत्या. बहिणीच्या आठवणी मात्र त्याआधीच्या.

म्हणजे फाइल शाबूत होती, हरवला होता फक्त वेश. हे मी आज्जांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला नसावा.

वेश शोधताना

कपाटात त्या जुन्या सॉफ्टवेअरची सीडी सापडली, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. पण आज कुणाच्या लॅपटॉपला सीडी घालायची सोय आहे? शेवटी कोप्पीकर रोडजवळच्या एका छपाईवाल्याकडे गेले. पत्रिका छापणाऱ्यांकडे जुनी यंत्रं असतात. त्यांनी सीडीवरच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. घरी येऊन फॉन्ट घातला, फाइल उघडली. पहिल्या ओळीपासून मराठी!

मग मी एक शहाणपणा केला. कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक फाइलची पीडीएफ काढली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवला जातो, त्यामुळे वेशासकट राजाचा फोटो काढल्यासारखं होतं. पुढे काही बिघडलं तर ताडून बघायला मूळ रूप राहतं.

त्यानंतरचं काम म्हणजे तो मजकूर युनिकोडमध्ये आणणं. मी लिबरऑफिसमध्ये ‘शोधा आणि बदला’साठी यादी केली: हे चिन्ह म्हणजे हे अक्षर. आधी जोडाक्षरं, मग सुटी अक्षरं. उलट केलं तर जोडाक्षरांचे तुकडे होतात. साहित्याच्या विद्यार्थिनीला एक गोष्ट इथे फार आवडली. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, म्हणून ती आधी साठवलेली, क नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी क, मग इ. ‘सूर्य’मधला रफार जुन्या पद्धतीत य च्या नंतर येतो कारण तो य च्या डोक्यावर बसलेला दिसतो, युनिकोडमध्ये र् आधी, कारण आपण तो आधी उच्चारतो. म्हणजे रूपांतर करताना मी प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार डोळ्यांच्या जागेवरून जिभेच्या जागेवर नेत होते.

आचार्य की आचारी

पहिली फाइल झाली तेव्हा मी ती मोठ्या अक्षरांत छापून आज्जांच्या हातात दिली. ते वाचायला लागले. बहिणीच्या लग्नाचा प्रसंग होता. मध्येच थांबले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

“आचार्यांना पाच रुपये दिले? अगं, आमच्या लग्नात कुठला आचार्य? स्वयंपाक करणारा आचारी होता तो!”

मूळ शब्द होता ‘आचाऱ्यांना’. मराठीतला हा आडवा, पापणीसारखा अर्धा र हिंदीच्या सवयीने बनवलेल्या साधनांत नेहमी मार खातो. दर्या आणि दऱ्या, आचार्य आणि आचाऱ्या. र तोच, पण बसण्याची जागा बदलली की अर्थ बदलतो. युनिकोडमध्ये हा र लिहायला खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा असतो. माझ्या यादीत मी साधा र घातला होता, म्हणून सगळीकडे रफार झाला. ‘दुसऱ्या’ चं ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’ चं ‘वार्यावर’.

त्या दिवसापासून कामाची पद्धत ठरली. संध्याकाळी मी छापील पान द्यायचं, आज्जांनी मोठ्याने वाचायचं, चुकेल तिथे पेन्सिलने खूण करायची, मी पडद्यावर दुरुस्त करायचं. एकूण ६१ फाइली. सुट्टी संपली तरी मी शनिवारी धारवाडहून चिगरी बस पकडून जायची. संगणकावरचं कापड केव्हा निघालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. एक दिवस गेले तर आज्जा स्वतःच खुर्चीत बसून ‘आचाऱ्यांना’ दुरुस्त करत होते.

त्याच वर्षी वर्गात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ आलं. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेला मराठी ग्रंथ, पण देवनागरीचे खिळे नसल्याने रोमन अक्षरांत. सतराव्या शतकातल्या त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे. त्यातली एक देवनागरीतली लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात सापडली. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा रोमनमध्ये छापला गेला आणि १९५६ मध्ये देवनागरीत. वर्गात सगळे ओव्या बघत होते आणि मी त्या नकला करणाऱ्यांचा विचार करत होते. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेताना त्यांचेही किती र चुकले असतील, आणि कुणा आज्जांनी त्यांना टोकलं असेल.

आता मी काय करते

ज्यांना थेट उपयोगाचं हवं आहे त्यांच्यासाठी:

१. आधी बघत बसते. बदल करण्याआधी एक दिवस त्यांच्या शेजारी बसून, ते काय काय आणि कुठल्या क्रमाने करतात ते लिहून काढते. आज्जा फक्त नऊ गोष्टी करतात. नव्या प्रणालीत त्या नऊ गोष्टी त्याच जागी, त्याच रीतीने झाल्या पाहिजेत. बाकी काय नवं आलं ते महत्त्वाचं नाही.

२. अख्ख्या घराची प्रत घेते. म्हणजे लपलेल्या फोल्डरांसकट, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाचं साधन असतं. ते प्रणालीची स्थिती जपतं आणि बिघाड झाला तर मागे नेतं. पण नेहमीच्या मांडणीत ते तुमची कागदपत्रं जपत नाही. ती वेगळी जपावी लागतात. ही गल्लत फार जण करतात.

३. पेनड्राइव्हवरून चालवून बघते. लिनक्सची नवी आवृत्ती डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून सुरू करता येते. आज्जांना तिथे बसवते, ‘मन’ टाइप करायला सांगते, प्रिंटर लावून बघते. सगळं जमलं तरच पुढे.

४. चेहरा बदलत नाही. आज्जांकडे पुन्हा माटे आहे.

५. यंत्राचं वय बघते. मिंटने २० व्या आवृत्तीपासून ३२ बिटांची जुनी यंत्रं सोडली. आज्जांचं यंत्र ६४ बिटांचं निघालं म्हणून वाचलो. तुमच्या घरचं यंत्र कुठलं आहे ते आजच बघा, आधार संपायच्या आदल्या आठवड्यात नको.

६. जुन्या फॉन्टमधलं लेखन आत्ताच युनिकोडमध्ये आणा. तुमच्या घरीही कुणाचं तरी लिखाण अशा वेशात पडून असेल: कुणाच्या कविता, भजनं, घराण्याची हकिकत. फॉन्ट आहे, सीडी वाचणारं यंत्र कुठेतरी आहे, आणि मुख्य म्हणजे ‘हा आचार्य नव्हे’ हे सांगणारं माणूस आहे, तोवरच हे काम होतं.

७. विचारते. हे शेवटी लिहिलं, पण पहिलं आहे.

आज्जांनी आता टेबलावर एक वही ठेवली आहे. पासवर्ड नाहीत त्यात. कुठली गोष्ट कशी केली, कधी केली याच्या नोंदी आहेत. आत्ताची २१ वी आवृत्ती एप्रिल २०२७ पर्यंत चालणार हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कारकुनी अक्षरात ते लिहून घेतलं. परवा मी ते पान बघितलं. तिथे लिहिलंय:

“एप्रिल २०२७. संगणकाची प्रणाली बदलणे. नातीला विचारणे.”

आणि खाली, वेगळ्या शाईत:

“नातीने मला विचारणे.”